शिकागो व्हाइट सॉक्सची दुसरी पुनर्बांधणी आणि प्लेऑफची आशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या दक्षिण भागातील या बेसबॉल संघाने २००५ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर त्याने प्लेऑफमधील, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतील, एकही मालिका जिंकलेली नाही. २०१६ अखेरीस सुरू झालेली पहिली पुनर्बांधणी फसली, २०२३ पासून दुसरी सुरू आहे आणि या काळात चाहत्यांमधील वाद अधिकच धारदार झाले आहेत. शिकागो परिसरात स्थायिक झालेले मराठी चाहते आणि क्रिकेटकडून बेसबॉलकडे वळलेले नवे प्रेक्षक यांच्या मनात येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे २०२६ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीवर आधारलेली आहेत.

पुनर्बांधणी म्हणजे नेमके काय? मुद्दाम हरणे त्यात येते का?

जो संघ धड जिंकतही नाही आणि पुरता हरतही नाही, तो आपले नावाजलेले खेळाडू इतर संघांना देतो आणि त्यांच्या बदल्यात मायनर लीगमधील (मेजर लीगखालच्या स्पर्धांतील) होतकरू खेळाडू घेतो, तेव्हा त्याला पुनर्बांधणी म्हणतात. मैदानावरील खेळाडू किंवा प्रशिक्षक मुद्दाम हरत नाहीत. त्या खेळाडूंची स्वतःची कारकीर्द पणाला लागलेली असते. मात्र व्यवस्थापन जाणूनबुजून दुबळा संघ मैदानात उतरवते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या व्यवहारामागे मेजर लीगची करारपद्धती आहे. मेजर लीगमध्ये आलेल्या खेळाडूला मुक्त होऊन हव्या त्या संघाशी करार करण्यासाठी साधारणपणे सहा पूर्ण हंगामांची सेवा लागते आणि त्यातील पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. म्हणून एकाच वेळी वर आलेले पाच-सहा गुणी तरुण हे संघाचे सर्वांत मोठे धन असते. आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी होणाऱ्या महालिलावात बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात आणि प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते, त्यामुळे तेथे अशी दीर्घ पुनर्बांधणी संभवत नाही. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की कमाल मर्यादा नाही आणि शेवटच्या क्रमांकाचा संघ खालच्या श्रेणीत ढकललाही जात नाही.

पहिली पुनर्बांधणी कशी सुरू झाली?

डिसेंबर २०१६ मध्ये दोन दिवसांत दोन मोठे सौदे झाले. डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) क्रिस सेल बोस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि आणखी दोन खेळाडू आले. अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला गेला आणि लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ व डेन डनिंग आले. जुलै २०१७ मध्ये होसे किंटाना शहरातील दुसऱ्या संघाला, म्हणजे कब्सना, देऊन एलोय हिमेनेझ आणि डिलन सीस यांच्यासह चार खेळाडू घेतले गेले. त्याच वर्षी क्यूबाच्या लुईस रॉबर्टशी करार झाला. कागदावर याहून चांगली सुरुवात क्वचितच कोणत्या संघाला मिळाली असेल. २०१८ मध्ये संघ हंगामातील १६२ पैकी १०० सामने हरला, तरी चाहत्यांनी ते सहन केले, कारण पुढे काय येणार आहे हे सर्वांना दिसत होते.

मग ती फसली असे का म्हणायचे? संघ दोनदा प्लेऑफमध्ये गेला होता ना?

गेला होता. २०२० च्या ६० सामन्यांच्या छोट्या हंगामात ३५ विजय मिळवून संघ प्लेऑफमध्ये पोहोचला आणि ओकलंडकडून २-१ असा हरला. २०२१ मध्ये ९३ विजयांसह त्याने आपली डिव्हिजन (लीगमधील पाच संघांचा गट) तब्बल १३ सामन्यांच्या आघाडीने जिंकली, पण ह्यूस्टनने त्याला ३-१ असे बाहेर काढले. सलग दोन वर्षे प्लेऑफ गाठणे या संघाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात प्रथमच घडले होते. त्या दोन वर्षांचा आनंद खरा होता आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. होसे अब्रेऊ २०२० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, जिओलिटो आणि कार्लोस रोडॉन यांनी नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणारे) सामने टाकले आणि आयोवातील मक्याच्या शेतात उभारलेल्या मैदानावर टिम अँडरसनने यँकीजविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेला होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखा फटका) आजही अंगावर काटा आणतो.

मात्र पुनर्बांधणीचा उद्देश दोन वर्षांची पाहुणचाराची भेट हा नव्हता. २०२२ मध्ये संघ ८१-८१ वर अडकला आणि २०२३ मध्ये १०१ सामने हरला. दुखापतींचा वाटा मोठा होता. हिमेनेझ, रॉबर्ट आणि मोंकाडा तिघेही सलग तंदुरुस्त राहिले असा काळ जवळजवळ आलाच नाही. परंतु केवळ दुखापतींकडे बोट दाखवणे म्हणजे व्यवस्थापनाला सहज सोडून देणे होय. दुखापत प्रत्येक संघात होते, आणि तिच्यासाठी राखीव फळी तयार ठेवणे हेच व्यवस्थापनाचे काम असते.

ती फळी नव्हती, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकांवर निवडलेले झॅक कॉलिन्स, जेक बर्गर, निक मॅड्रिगल आणि अँड्र्यू वॉन हे चौघेही या संघाचे दीर्घकाळाचे आधारस्तंभ झाले नाहीत. वॉन मुळात फर्स्ट बेसचा खेळाडू. त्याला आउटफिल्डमध्ये उभे केले गेले, कारण त्याची जागा अब्रेऊकडे होती. राइट फील्ड आणि सेकंड बेस या जागा वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसांनी भरल्या गेल्या. ज्या ईटनला देऊन पुनर्बांधणी सुरू झाली, त्यालाच २०२१ साठी राइट फील्डमध्ये परत आणले गेले आणि हंगामाच्या मध्यात सोडून द्यावे लागले. रोडॉन त्या वर्षीच्या उत्तम खेळानंतर मुक्त झाला, तेव्हा संघाने त्याच्यापुढे एका वर्षाचा प्रस्तावही ठेवला नाही, त्यामुळे तो गेल्यावर भरपाईची ड्राफ्ट निवडही मिळाली नाही.

यात भर पडली ती मॅनेजरच्या नेमणुकीची. २०२० च्या यशानंतर रिक रेंटेरियाला दूर करून, नऊ वर्षे मॅनेजरपदापासून लांब असलेल्या ७६ वर्षांच्या टोनी ला रुसाला आणले गेले. तो मालकाचा निर्णय होता. ला रुसा यांची कारकीर्द निर्विवाद थोर आहे, पण तरुण आणि उत्साही संघाला त्या वेळी जे हवे होते ते त्यांच्याकडून मिळाले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२४ मध्ये १२१ पराभव कसे झाले?

मोडकळीस आलेल्या संघातून उरलेसुरले मोलाचे खेळाडूही काढून घेतले आणि त्यांच्या जागी येण्यास कोणीच तयार नव्हते, म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये संघबांधणीचे प्रमुख केनी विल्यम्स आणि जनरल मॅनेजर रिक हान यांना काढण्यात आले व संघातच खेळाडूंच्या विकासाचे काम पाहणारे क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर झाले. मार्च २०२४ मध्ये सीस सॅन डिएगोला गेला. उन्हाळ्यात संघ सलग २१ सामने हरला आणि अमेरिकन लीगमधील १९८८ च्या बाल्टिमोरच्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना ऑगस्टमध्ये जावे लागले. अखेरचा हिशेब ४१ विजय आणि १२१ पराभव असा होता. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक विक्रम त्यामुळे मोडला.

एवढे हरूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड का मिळाली नाही?

या प्रश्नावर सर्वाधिक संताप व्यक्त होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पूर्वी ड्राफ्टमध्ये सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळत असे. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून मेजर लीगने २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडींसाठी सोडत सुरू केली. ज्या संघांना लीगच्या महसूल वाटपातून पैसे मिळण्याऐवजी उलट द्यावे लागतात, त्यांना सलग दोन वर्षे सोडतीतील निवड मिळू शकत नाही. शिकागो ही अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ असल्याने व्हाइट सॉक्स याच गटात मोडतात. २०२४ मध्ये त्यांना पाचवी निवड मिळाली होती, म्हणून १२१ पराभवांनंतर दहावा क्रमांकच मिळाला. डिसेंबर २०२५ च्या सोडतीत मात्र दैवाने साथ दिली आणि २०२६ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड या संघाच्या वाट्याला आली.

नियम कठोर असला तरी मला तो योग्य वाटतो. मोठ्या शहरातील संघाने वर्षामागून वर्ष दुबळे राहून बक्षीस मिळवत जावे, हे खेळाच्या हिताचे नाही.

गॅरेट क्रोशेचा सौदा योग्य होता का?

डिसेंबर २०२४ मध्ये पिचर क्रोशे बोस्टनला गेला आणि कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इन्फिल्डर चेस माइड्रॉथ व पिचर विकेलमन गोंझालेझ आले. क्रोशे बोस्टनमध्ये लगेच लीगमधील उत्कृष्ट पिचरांपैकी एक ठरला, त्यामुळे अनेकांना हा सौदा बोचतो. तरीही मी त्याच्या बाजूने आहे. क्रोशेच्या करारातील दोनच वर्षे उरली होती, त्या दोन वर्षांत हा संघ काही जिंकणार नव्हता आणि या मालकाने त्याला दीर्घ मुदतीचा मोठा करार दिला असता याची कोणतीही चिन्हे नव्हती. टील आणि माइड्रॉथ २०२५ मध्येच नियमित खेळू लागले. दोघांनीही बॅट हातात घेतल्यावर संयम दाखवला, आणि तो गुण या संघात अनेक वर्षे दुर्मीळ होता.

क्रिस सेलच्या सौद्याशी याची तुलना होते, ती अर्धीच खरी आहे. त्या वेळी मोंकाडा आणि कोपेक या दोन मोठ्या नावांवर सारी मदार होती. या वेळी मध्यम जोखमीचे आणि वेगवेगळ्या जागांवर खेळणारे खेळाडू घेतले गेले.

तरुण खेळाडूंवर किती विश्वास ठेवावा?

२०२५ मध्ये संघ पुन्हा १०२ सामने हरला. सलग तीन हंगामांत शंभराहून अधिक पराभव ही या संघाच्या इतिहासातील पहिलीच वेळ होती. पण या ६० विजयांचा पोत आदल्या वर्षीच्या ४१ विजयांहून वेगळा होता. नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या हाताखाली संघ अनेक सामने एकाच धावेच्या फरकाने हरला, म्हणजे सामना शेवटपर्यंत हातात होता.

कोल्सन माँटगोमेरीची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला हा शॉर्टस्टॉप एप्रिल २०२५ मध्ये ट्रिपल-ए पातळीवर (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर) इतका चाचपडत होता की त्याला शार्लटहून अ‍ॅरिझोनातील प्रशिक्षण केंद्रात पाठवून त्याच्या स्विंगवर नव्याने काम करण्यात आले. जुलैमध्ये तो मेजर लीगमध्ये आला आणि ७१ सामन्यांत त्याने २१ होमरन मारले. याचा अर्थ तो आता तारा झाला असा नाही; तो पुष्कळदा स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइकवर बाद होतो) आणि दुसऱ्या वर्षी पिचर त्याच्या कच्च्या बाजू शोधून काढतील. अर्थ इतकाच की या संघात अडखळलेल्या खेळाडूला वेळीच बाजूला घेऊन दुरुस्त केले गेले, आणि पहिल्या पुनर्बांधणीत नेमके हेच होत नव्हते. मला सर्वांत मोठी आशा येथे दिसते.

टील, कोल्सन माँटगोमेरी आणि दुसरा कॅचर एडगर क्वेरो हे सर्व २०२५ मध्ये वर आले, त्यामुळे ते साधारण २०३१ पर्यंत संघाच्या हाती आहेत.

पिचिंगचे काय?

येथे अधिक सावध राहावे. उंचापुरा डावखुरा नोआ शुल्ट्झ आणि २०२४ ची पाचवी निवड हेगन स्मिथ ही दोन नावे चाहत्यांच्या तोंडी सतत असतात, परंतु मायनर लीगमधील पिचरांच्या कोपराचा आणि खांद्याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही. कोपेकला २०१८ मध्ये पदार्पणानंतर काही दिवसांतच कोपराच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले होते. शेन स्मिथचे उदाहरण मात्र सुखावणारे आहे. मिलवॉकीने राखून न ठेवलेल्या या पिचरला रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) उचलण्यात आले आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या, सामन्यासाठी निवडला गेला. पिचिंगसाठी ब्रायन बॅनिस्टर आणि बॅटिंगसाठी बाल्टिमोरहून रायन फुलर यांना आणल्याचा परिणाम दिसू लागला आहे.

मालक पैसे खर्च करत नाहीत, हा आरोप खरा आहे का?

होय, आणि या संपूर्ण चर्चेचे मर्म येथेच आहे. जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे १९८१ पासून संघाची सूत्रे आहेत. त्या काळात या संघाने खेळाडूला दिलेला सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिन्टेन्डी याचा, पाच वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरचा आहे. कॅन्सस सिटी हे शिकागोच्या तुलनेत लहानसे शहर. तेथील संघाने २०२४ च्या सुरुवातीला बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांसाठी २८.८ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार दिला. या दोन आकड्यांपुढे बाजारपेठ, उत्पन्न किंवा स्टेडियमची जागा यांविषयीचे सगळे युक्तिवाद फिके पडतात.

२०१९ च्या सुरुवातीला नावाजलेला बॅटर मॅनी मचाडोला आणण्याचा प्रयत्न झाला, पण सॅन डिएगोने ३० कोटी डॉलर देऊन त्याला नेले. पुनर्बांधणीच्या दुसऱ्या टप्प्यात, तरुण खेळाडू स्वस्त असताना, बाहेरून खंबीर माणसे आणायची असतात. कब्सनी डिसेंबर २०१४ मध्ये पिचर जॉन लेस्टरला १५.५ कोटी डॉलर देऊन आणले आणि दोन वर्षांत १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. व्हाइट सॉक्सने तो टप्पा कधी ओलांडलाच नाही.

जून २०२५ मध्ये गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याशी झालेल्या करारानुसार राइन्सडॉर्फ २०२९ ते २०३३ या काळात नियंत्रण सोपवू शकतात आणि २०३४ पासून ते घेण्याचा पर्याय इशबिया यांना मिळेल. म्हणजे ही दुसरी पुनर्बांधणी बहुधा जुन्याच मालकीखाली फळाला यावी लागेल. डिसेंबर २०२५ मध्ये जपानचा होमरनवीर मुनेताका मुराकामी दोन वर्षांसाठी ३.४ कोटी डॉलरला आला. २०२२ मध्ये जपानमध्ये ५६ होमरन मारणारा हा खेळाडू येणे निश्चितच आनंदाचे आहे, पण दोन वर्षांचा करार हे धाडसापेक्षा बेताने टाकलेले पाऊल आहे.

लुईस रॉबर्ट ज्युनियरला जाऊ द्यायला नको होते का?

जानेवारी २०२६ मध्ये तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि पहिल्या पुनर्बांधणीतील शेवटचे मोठे नाव संघातून गेले. तो पूर्ण भरात असताना त्याच्यासारखा सेंटर फील्डर पाहणे ही मेजवानी होती. मात्र पुढच्या चांगल्या संघात तो असण्याची शक्यता नव्हती. निर्णय दुःखद, तरी रास्त.

इतर संघांच्या अनुभवातून काय दिसते?

ह्यूस्टनचे उदाहरण सर्वाधिक दिले जाते : २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७ आणि १११ पराभव, आणि २०१७ मध्ये विजेतेपद. त्या विजेतेपदावर प्रतिस्पर्धी कॅचरने पिचरला केलेल्या खुणा चोरल्याचा डाग आहे, हे वेगळे सांगायला नको. बाल्टिमोरचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २०१८ मध्ये ११५ सामने हरलेला हा संघ २०२३ मध्ये १०१ सामने जिंकला, परंतु २०२३ आणि २०२४ मिळून प्लेऑफमधील पाचही सामने हरला आणि २०२५ मध्ये ७५ विजयांवर घसरला. भरपूर गुणी बॅटर घरात वाढवूनही विश्वासू पिचर बाहेरून वेळेवर न आणल्याचा फटका त्याला बसला, असे मला वाटते.

कॅन्सस सिटी २०२३ मध्ये १०६ सामने हरली आणि लगेच सेथ लुगो व मायकेल वाखा या अनुभवी पिचरांना घेऊन २०२४ मध्ये ८६ विजयांसह प्लेऑफमध्ये पोहोचली. ती व्हाइट सॉक्सच्याच डिव्हिजनमध्ये आहे, म्हणून तिचे उदाहरण सर्वांत जवळचे मानावे.

प्लेऑफसाठी किती विजय लागतील आणि ते कधी शक्य आहे?

२०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफमध्ये जातात : तीन डिव्हिजनविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांपैकी सर्वाधिक विजय मिळवणारे संघ). अमेरिकन लीग सेंट्रल ही तुलनेने सोपी डिव्हिजन आहे. २०२५ मध्ये क्लीव्हलँडने ८८ विजयांवर ती जिंकली, डेट्रॉइट ८७ विजयांसह वाइल्ड कार्ड घेऊन गेले आणि मिनेसोटाने हंगामाच्या मध्यातच आपला संघ मोडीत काढला. म्हणजे ६० वरून ८६-८८ पर्यंत जायचे आहे.

२०२६ मध्ये ७० च्या वर विजय मिळाले तरी मी ते यश मानेन. २०२७ मध्ये संघाने सप्टेंबरपर्यंत शर्यतीत राहावे आणि २०२८ मध्ये प्लेऑफ गाठावे, ही अपेक्षा वाजवी आहे. ‘पुढच्याच वर्षी’ म्हणणाऱ्यांचा उत्साह मला भावतो, पण दोन दर्जेदार सुरुवातीचे पिचर आणि एक भरवशाचा क्लोजर (शेवटचा डाव सांभाळणारा पिचर) मिळेपर्यंत मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. याउलट, ‘नव्या मालकाशिवाय काहीच होणार नाही’ हे मतही टोकाचे आहे. याच मालकाखाली २००५ चे विजेतेपद आले होते.

यात अडथळा आणू शकेल अशी बाहेरची गोष्ट कोणती?

खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातील सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. डिसेंबर २०२१ मध्ये असाच करार संपल्यावर मालकांनी लीगचे दरवाजे बंद केले होते आणि ते मार्च २०२२ मध्ये उघडले. नव्या वाटाघाटींत पगाराची कमाल मर्यादा किंवा सक्तीचा किमान खर्च आला, तर तरुण आणि स्वस्त संघ बांधण्याचे गणितच बदलेल. सक्तीच्या किमान खर्चाची सर्वाधिक गरज ज्या चाहत्यांना आहे, त्यांत व्हाइट सॉक्सचे चाहते आहेत, आणि म्हणून या वाटाघाटींकडे आपण ड्राफ्टइतक्याच बारकाईने लक्ष द्यायला हवे.

तोवर चाहत्याने नेमके काय पाहावे?

गुणतालिका हंगामाच्या शेवटी पाहिली तरी चालेल. दररोज पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत : कोल्सन माँटगोमेरीच्या स्ट्राइकआउटांचे प्रमाण, टील आणि क्वेरो यांच्यातील कॅचिंगची वाटणी, शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ किती डाव न दुखता टाकतात, ब्रेडन माँटगोमेरी वर केव्हा येतो. आणि हंगाम संपल्यावर, पुढच्या हिवाळ्यात, बेनिन्टेन्डीचा ७.५ कोटी डॉलरचा आकडा ओलांडणारा करार होतो का.